मेहुण्याचा कॅमेरा आणि पाच-पाच मिनिटांचे धडे

माझ्या मेहुण्याचा कॅमेरा खराब नव्हता.

एवढं एक वाक्य बोलायला मला नऊ वर्षं लागली. मी मुळातच कमी बोलणारा माणूस. माझं लग्न झालंय हे ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना चौथ्या वर्षी कळलं, तेही माझ्या डब्यात कारल्याऐवजी भरलं कारलं दिसायला लागलं म्हणून. अशा माणसाच्या पोटात गोष्ट राहते, पण पचत नाही. आज सगळं सांगून टाकतो.

तेव्हा सीडीचा जमाना होता. लालबागची खोली सोडून आम्ही शहराबाहेर गोडदेवला वन-बीएचके घेतलं होतं आणि त्यातल्या हॉलमध्ये माझी बायको सुलभा शिकवणी घ्यायची. पाचवी ते सातवी, सर्व विषय. गणित, विज्ञान, भूगोल, नागरिकशास्त्र, सगळं एकाच सतरंजीवर. चौदा मुलं होती. मी संध्याकाळी घरी आलो की स्वयंपाकघरात जाण्यासाठी मला कर्कवृत्त आणि मकरवृत्त ओलांडून जावं लागे.

एके दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेन खाली आल्या. त्यांची पिंकी आमच्याकडे सहावीला होती.

"टीचर, बुरा मत मानना," त्या म्हणाल्या. "वो बेव्हर्ली पार्क में नया क्लास खुला है ना, उधर सब टीवी पे सिखाते हैं. पाँच मिनट का वीडियो, हर सब्जेक्ट का. बच्चा देखता है, समझ जाता है. हम लोग सोच रहे थे..."

'हम लोग' म्हणजे काय, ते आम्हाला ठाऊक होतं. हंसाबेननी भाजीवाला बदलला की आमची अख्खी बिल्डिंग भाजीवाला बदलायची.

त्या संध्याकाळी स्वच्छ असलेला फळा सुलभाने तीनदा पुसला. मग म्हणाली, "मला दुसरं काही येत नाही हो. शिकवताच येतं फक्त."

मी भावनेच्या भरात म्हणालो, "आपणही आपले व्हिडिओ काढू."

(त्या वर्षातलं माझं हे सर्वांत लांब वाक्य. आधी विचार करायला हवा होता.)

सुलभाने लगेच जिना चढून वर जाऊन हंसाबेनना आमंत्रण दिलं. तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, सगळ्या पालकांनी यावं, आमचे व्हिडिओ बघावेत आणि मग ठरवावं. म्हणजे परतीचे दोर कापले.

कॅमेरा सुलभाच्या भावाचा. प्रकाश मस्कतला नोकरीला होता आणि सुट्टीवर आला होता. हातात मावणारा, छोटी टेप घालायचा, चंदेरी रंगाचा कॅमेरा. पंधरा दिवस सासुरवाडीला चिपळूणला जाण्याआधी तो मला नीट शिकवून गेला.

"भाऊजी, हे एकच बटण. एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. बास. आणि टेप मागेपुढे करून बघत बसू नका, चुकून वर दुसरं रेकॉर्ड होईल. शूटिंग संपलं की सरळ स्टुडिओत द्या, ते सीडी काढून देतील."

इतकं सोपं होतं. लहान मूलसुद्धा चुकलं नसतं. पण मी लहान मूल नव्हतो. मी वीस वर्षं नोकरी केलेला, तपासून बघणारा माणूस होतो. घराला कुलूप लावलं की मी ते एकदा ओढतो, खाली उतरतो, परत वर येतो आणि पुन्हा ओढतो. गॅसचंही तेच. त्यामुळे रोज शूटिंग सुरू करायच्या आधी एकदा मी कॅमेरा तपासून घ्यायचो. बटण दाबायचो, 'टिक्' असा आवाज आला की समाधानाने मान हलवायचो. कॅमेरा ठीक. मग म्हणायचो, "चला, ॲक्शन!" आणि पुन्हा बटण दाबायचो.

आता वाचकांना कळलं असेल. मला तेव्हा कळलं नाही.

कॅमेऱ्याच्या पुढे एक लाल दिवा लागायचा. पण सुलभा शिकवताना त्या दिव्याकडेच टक लावून बघायची, म्हणून पहिल्याच दिवशी मी त्यावर औषधाची चिकटपट्टी लावली. आत बघायच्या भोकात बारीक अक्षरं यायची, पण डोळा लावायला चष्मा काढावा लागे आणि चष्मा काढल्यावर मला सुलभा आणि कपाट यांतला फरकच जेमतेम कळायचा. थोडक्यात, चूक पकडायच्या सगळ्या वाटा मी स्वतः जातीने बंद केल्या.

पहिला धडा विज्ञानाचा. गच्चीवर ताटलीत मिठाचं पाणी उन्हात ठेवलं. सुलभा नवी साडी नेसून, पाठ केलेलं घडाघडा बोलली, "विद्यार्थी मित्रहो, बाष्पीभवन ही एक नैसर्गिक प्रक्रिया आहे." अप्रतिम. दुसरा गणिताचा, अपूर्णांकांवर, पुरणपोळी कापून. मग सूर्य, पृथ्वी आणि चंद्र, त्यासाठी माझी आई आणि बॅटरी. नागरिकशास्त्रही झालं. मध्ये बंद करायचं, पाणी प्यायचं, साडी सारखी करायची, पुन्हा चालू. मी दर वेळी टिक् करून ॲक्शन म्हणायचो आणि टिक् करून 'झालं, बंद केला' म्हणायचो.

भरती-ओहोटीसाठी आम्ही बसने जवळच्या डोंगरी गावाला उतरून किनाऱ्यावर गेलो. सुलभा समुद्राकडे हात करून बोलत होती. शेजारी एक म्हातारी सुकट वाळवत बसली होती. ती बराच वेळ माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडे बघत होती.

"दादा, त्या चालू हाय का न्हाय?"

"चालू आहे, आजी," मी म्हणालो. शहाण्या माणसाने अडाणी प्रश्नाला उत्तर द्यावं तशा आवाजात.

शूटिंग संपल्यावर स्टुडिओत टेपा दिल्या. सीडी मिळाली ती रविवारी सकाळी दहाला, पालक येणार होते साडेदहाला. स्टुडिओवाला मला म्हणाला, "काका, फॅमिली एकदम भारी आहे हां तुमची." मला ती तांत्रिक बाजूची स्तुती वाटली.

हॉल भरला. चौदा मुलं सतरंजीवर, आया सोफ्यावर आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर, हंसाबेन मध्यभागी. सुलभा त्यांच्या शेजारी बसली. मी सीडी लावली.

पडद्यावर आमची गच्ची आली. नैसर्गिक प्रक्रिया कुठेच नव्हती. सुलभा पदराने घाम पुसत होती आणि आई ताटलीकडे बोट दाखवत विचारत होती, "अगं, पण पाणी गेलं तर मीठ कसं नाही गेलं?"

"अहो आई, पाणी म्हणजे पाहुणे आणि मीठ म्हणजे पसारा," पडद्यावरची सुलभा म्हणाली. "ऊन तापलं की पाहुणे उठून जातात. पसारा जातो का कधी? तो आपल्यालाच खरवडायचा."

मग एकदम काळोख, आणि पुढचा धडा. पुरणपोळीचा. आई म्हणत होती, "अर्धी मी खाल्ली, पाव तू खाल्लीस, मग उरलेली पाव गेली कुठे?"

"वजाबाकी आतल्या खोलीत बसून खातेय," सुलभा म्हणाली आणि कॅमेरा हळूच स्वयंपाकघराकडे वळला. ओट्यापाशी मी होतो. (कॅमेरा आईच्या हातात देऊन मी आत गेलो होतो. बंद आहे, या समजुतीने.)

एवढ्या जणींसमोर, एवढ्या तयारीनंतर सुलभाची शिकवणी माझ्यामुळे बुडणार होती. मी उठून उभा राहिलो आणि मोठ्याने बोललो, "कॅमेरा खराब आहे. हिच्या भावाचा. मस्कतचा माल. नको तेव्हा आपोआप चालू होतो."

एवढं स्पष्ट आणि मुद्देसूद मी त्याआधी कधी बोललो नव्हतो.

सीडी बंद करायला मी हात पुढे केला, तर हंसाबेन म्हणाल्या, "रहने दो, भाई. देखने दो."

पडद्यावर आता आई खुर्चीत सूर्य होऊन बसली होती. सुलभा तिला समजावत होती, "तुम्ही जागची हलायचं नाही, सगळं तुमच्याभोवती फिरणार. म्हणजे रोजचंच. मी पृथ्वी. दिवसभर स्वतःभोवतीही फिरायचं आणि तुमच्याभोवतीही. चंद्र ह्यांना करू. स्वतःचा उजेड नाही, अमावस्येला दिसायचा नाही आणि बोलायचा कधीच नाही."

"टीचर, वो तो हमको पहले से मालूम था," हंसाबेन म्हणाल्या आणि सोफा हलायला लागला.

शेवटी डोंगरीचा समुद्र. पाणी वर आलं होतं आणि मी पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून स्वतःच्या चपलेमागे पळत होतो. चप्पल जवळ यायची, मी वाकायचो, ती लांब जायची. मागून सुलभाचा आवाज, "लाट म्हणजे भरती नव्हे हं. मघाशी पाणी त्या खडकापाशी होतं, आता ह्यांच्या गुडघ्यापाशी आलं, ही भरती." हा धडा चांगला सव्वापाच मिनिटं चालला.

सीडी संपली. सुलभा खाली मान घालून पदराशी चाळा करत होती. हंसाबेननी पिंकीला पुढे ओढलं.

"बोल, पानी गया तो क्या रहा?"

"पसारा," पिंकी म्हणाली. "मतलब नमक."

"चाँद को लाइट किधर से आती है?"

"सूरज से. दादी से."

"और भरती में?"

"अंकल की चप्पल गई."

"ओहोटी में?"

"ओहोटी में भी वापस नहीं आई."

हंसाबेन सुलभाकडे वळल्या. "एक बार देखा और सब याद. उधर बेव्हर्ली पार्क में क्या दिखाते हैं? एक आदमी कोट पहन के खड़ा रहता है. पिंकी किधर नहीं जाएगी."

एकही मूल गेलं नाही. पुढच्या जूनला बावीस आली. मी चंद्र म्हणून गोडदेवमध्ये प्रसिद्ध झालो, त्याचं मला काही वाटलं नाही.

वाटलं ते प्रकाशचं. तो चिपळूणहून आला तेव्हा खराब कॅमेऱ्याची बातमी त्याच्या आधी पोचली होती. त्याने निमूटपणे कॅमेरा उलटसुलट करून बघितला, चिकटपट्टी काढली आणि म्हणाला, "असेल, भाऊजी. माझ्या लक्षात आलं नाही." पुढच्या सुट्टीत त्याने आमच्यासाठी मस्कतहून भलामोठा मिक्सर आणला. मी तो घेतला. नऊ वर्षं त्या मिक्सरमधली चटणी माझ्या घशाखाली अडखळत उतरली आहे. कुणी म्हणालं, "छान झालीय," तर मी पाणी प्यायचो.

गेल्या महिन्यात प्रकाश कायमचा परत आला. सगळे जेवायला बसलो होतो. त्याने चटणी वाढून घेतली आणि माझ्याच्याने राहवेना.

"प्रकाश, तुझा कॅमेरा चांगला होता," मी म्हणालो. "मीच बटण एकदा जास्त दाबायचो."

कुणी दचकलं नाही. आईने ताटातलं लिंबू पिळलं.

"अहो," सुलभा म्हणाली, "त्या सीडीत प्रत्येक धडा तुमच्याच आवाजाने सुरू होतो. 'झालं, बंद केला.' आणि 'चला, ॲक्शन' म्हणालात की संपतो. हंसाबेननी पहिल्या धड्यालाच मला कोपर मारलं होतं."

"म्हणजे तुला तेव्हापासून माहीत आहे?"

"मला, आईंना, प्रकाशला. दर जूनला नव्या मुलांना तीच सीडी दाखवते मी. मुलांनाही माहीत आहे."

"मग मिक्सर?" मी प्रकाशला विचारलं.

"तुम्ही फार दुःखी दिसत होतात, भाऊजी," तो म्हणाला. "म्हटलं, काहीतरी द्यावं."

तर असं झालं. मन हलकं होईल असं वाटलं होतं, ते झालं नाही. कारण घरच्यांपासून लपवलेल्या अजून तीन गोष्टी माझ्याकडे आहेत. त्याही सांगून मोकळा होणार आहे, पण या वेळी घाई करत नाही. आधी हंसाबेनना विचारून येतो, की त्यांतल्या बिल्डिंगला अजून माहीत नसलेल्या कुठल्या.