माधूचा तुरा

हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. बायकोला नाही, मुलांना नाही — आणि ज्याला सांगायला हवे होते त्याला तर नाहीच. बावीस वर्षे झाली. मी गणिताचा मास्तर, म्हणून मापांपासून सुरू करतो. ते सोपे जाते.

माधू, माझा धाकटा भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी लहान. त्याच्या विजारीची मोहरी चौदा इंच. कपाळावर तेल लावून उभा केलेला केसांचा तुरा अडीच इंच. सत्तावन्न-अठ्ठावन्नचा सुमार असेल. तो मद्रासेस नोकरी शोधायला गेला आणि गिटार घेऊन कुंभकोणास परत आला. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आमच्या मराठी घरात, जिथे दर शनिवारी झांजा-मृदंगावर अभंग होत, तिथे त्याने रॉक अँड रोल वाजवून दाखवले. शेंडी मद्रासेसच राहिली होती.

त्याच आठवड्यात मद्रासच्या इंग्रजी पेपरात मी वाचले, की लंडनमध्ये असली तंग विजार घालून, असला तुरा काढून, असल्या गाण्यांवर नाचणारी पोरे आहेत आणि तिथले लोक त्यांना टेडी म्हणतात. मला फार आनंद झाला — खरे सांगतो. माझ्या रागाला छापील नाव मिळाले होते. जेवताना पानावरच मी ते वाचून दाखवले.

आईने विचारले, "टेडी म्हणजे काय रे?"

"वाया गेलेला," मी म्हणालो.

आई माधूकडे पाहून हसली. "मग आमचा टेडी बरा आहे की! ये रे टेडी, भात वाढतें."

झाले. मी मारायला उचललेला शब्द तिने लाडाचा करून टाकला. तेव्हापासून घरात तो टेडीच. दुपारी ती ओसरीवर विड्याची पाने पुसत बसे, आणि माधू शेजारी बसला की ओल्या बोटांनी त्याचा तुरा सारखा करी. माझ्या डोक्यावरून तिने शेवटचा हात कधी फिरवला, ते मला आठवत नाही. आता कळते — मला राग विजारीचा नव्हता. पण तेव्हा कळले असते तर मी वेगळा वागलो असतो का? सांगता येत नाही.

पुढल्या वर्षी आई गेली. शेवटच्या दिवशी दोनदा विचारले, "टेडी आला?" तो वाजवण्याचे काम शोधायला पुन्हा मद्रासेस गेला होता; पोचला तेव्हा सगळे आटोपले होते. तो रडला नाही. तिच्या पानांच्या टोपलीशी जाऊन बसला, एवढेच.

सुतकात कंगवा नाही, तेल नाही. त्याचा तुरा ढासळून डोळ्यांवर आला होता. आठव्या दिवशी त्याने मला एकट्याला बाजूला घेऊन एक पत्र दाखवले. मद्रासच्या एका हॉटेलात चौघांना सहा महिने वाजवण्याचे काम मिळायचे होते. पंधराव्या दिवशी मालक त्यांना पाहणार होता. माधू पुढे उभा राहून वाजवणारा. त्याने नुसता कपाळावरच्या केसांना हात लावला आणि पत्र खिशात ठेवले. मी तरी काय म्हणालो? "बघू" म्हणालो.

दहाव्या दिवशी आम्ही कावेरीच्या घाटावर गेलो. न्हावी खाली पाण्याजवळ बसला होता, माधू त्याच्यासमोर. मी वर भटजींजवळ. भटजी म्हातारे, कडक म्हणून गावात प्रसिद्ध. ते हळू आवाजात मला म्हणाले, "मास्तर, कर्ता तुम्ही. तुमचें क्षौर झालेंच पाहिजे. धाकट्याचे दोन केस काढले तरी पुरे, मी चालवून घेतों. पोर सारखें डोक्यास हात लावतें आहे. जा, त्यास सांगा."

घाटाला अठरा पायऱ्या आहेत. मी सगळ्या उतरलो. मोजत उतरलो — ती माझी सवय. शेवटच्या पायरीवर माधूने मान वर केली.

"अण्णा, भटजी काही म्हणाले?"

"नाही," मी म्हणालो. "दोघांचेही पूर्ण."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "आईला आवडायचे हो, अण्णा." एवढेच. आणि डोके पुढे केले.

अजूनही वेळ होता. न्हाव्याने वस्तरा लावला, वेळ होता. पहिली बट पायरीवर पडली, तरी अर्धे डोके शिल्लक होते. मी शेजारी उभा राहून पाहिले. वरून पाहणाऱ्या भटजींना वाटले असेल, की धाकट्यानेच हट्टाने सगळे दिले. त्यांनी मला कधी विचारले नाही. आता ते नाहीत.

माधू टोपी घालून मद्रासेस गेला. मालकाने टोपी काढायला लावली. पुढे उभा राहायला त्यांनी दुसरा पोरगा घेतला. महिन्याने माधू परत आला. पुढे गिटार विकली, तिरुच्चीत एका कचेरीत लागला, लग्न झाले, दोन मुली झाल्या. भांग आता बाजूला पाडतो. गावातले लोक मला म्हणत, "मास्तर, भावास वळणावर आणलेंत हो तुम्ही." मी ते ऐकून घेतले. कितीदा, ते मात्र मोजले नाही.

परवा आईच्या श्राद्धाला तो आला होता. जेवणानंतर आम्ही दोघे ओसरीवर पाने खात बसलो. त्याची थोरली मुलगी विचारत होती, की बाबांना टेडी का म्हणायचे. तो शब्द आता कोणाला ठाऊक नाही. त्याने तिला सांगितले, आजीने ठेवलेले नाव. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अण्णा, त्या दिवशी मी भटजींस विचारणार होतों, थोडे केस काढून चालेल का म्हणून. विचारलें नाही तेंच बरें झालें. आईसाठी एवढी एकच गोष्ट केली मी. ती पूर्ण केली."

आणि हसला. डोके पार विरळ झाले आहे त्याचे.

मी त्याच्यासाठी पानाला चुना लावला. दोन केस पुरे होते. मला सांगितलेले होते. मी सांगितले नाही — त्या दिवशीही नाही, परवाही नाही.