त्या दुपारी मी प्यालो नव्हतो

आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात दारूला थारा नाही. पंचशील म्हणताना दारू न पिण्याच्या पाचव्या शीलाला आई आवाज मुद्दाम चढवते. मी वनमजूर. उन्हाळाभर जंगलातल्या आगी विझवतो, आणि त्याही ऐन मोहफुलांच्या, म्हणजे मोहाच्या दारूच्या दिवसांत. टोळीत बरेच जण घेणारे, मी एकटा कोरडा. म्हणून माझं नाव ‘भंतेजी’. त्यावरून मला इतकं छळलंय की विचारू नका.

त्या दुपारचं मला काहीच आठवत नाही. सांगतोय ते टोळीतल्या माझ्या जोडीदाराच्या आणि बायकोच्या तोंडून ऐकलेलं.

कोणीतरी मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवून दिला होता आणि आग टेकडीकडे सरकत होती. आमचं काम सांगायला सोपं आहे. आगीच्या पुढे जायचं, पाठीवरच्या ब्लोअरनं सुका पाला उडवायचा, जमिनीचा उघडा पट्टा करायचा. पट्ट्याशी आली की आग उपाशी मरते. पाठीवर पेट्रोलचं तापलेलं मशीन, समोर जाळ, डोक्यावर चंद्रपूरचं एप्रिलचं ऊन. पाण्याची कॅन जीपमध्ये, जीप खाली रस्त्यावर. पाणी प्यायला उतरलं की आग पट्टा ओलांडते, म्हणून कोणी उतरत नाही. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, एवढीच काय ती आमची सुरक्षा!

मी म्हणे ब्लोअर उलटा फिरवला. साफ केलेल्या पट्ट्यावर पाला परत आणून टाकायला लागलो. पाय अडखळत होते. वनपालसाहेब ओरडले, तर मी त्यांना घरी आलेले पाहुणे समजून हात जोडून म्हणालो, “मामाजी, बसा, जेवूनच जा.”

टोळी हसून हसून लोळली.

“घेतली बे! भंतेजीनं आखरी घेतलीच!” जोडीदार ओरडला. तो स्वतः रोजचा पिणारा. सगळ्यात जास्त आनंद त्यालाच झाला. त्यांनी माझ्या पाठीवरचं मशीन काढलं, मला मोहाखाली झोपवलं, तोंडावर दुपट्टा टाकला आणि सगळे आगीवर परत गेले. जाता जाता जोडीदारानं माझ्या बायकोला फोन लावला. “वहिनी, तुमचे भंतेजी आज टाइट हायेत. मोहाखाली पडून राह्यले.”

आमचं गाव टेकडीच्या पायथ्याशीच. बायको माझ्या धाकट्या भावाच्या गाडीवर बसून आली ती मला झोडपायलाच. दुपट्टा ओढला, कॉलर धरली, तोंडाला येईल ते बोलली. मग एकदम थांबली.

“याहिच्या तोंडाले वासच नाई!” ती किंचाळली. “अंग पाहा, तवा तापला तसं! घामाचा थेंब नाई! अरे, पाणी आना कोनी!”

भावानं धावत जाऊन कॅन आणली. सगळं पाणी माझ्या अंगावर ओतलं. जीपमध्ये टाकून, ओल्या कपड्यात गुंडाळून, मला ग्रामीण रुग्णालयात नेलं. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. अशा वेळी माणूस बरळतो, झोकांड्या खातो, लांबून प्यायल्यासारखाच दिसतो. आणखी थोडा वेळ पडून राहिला असता तर हाती लागला नसता.

शुद्धीवर आल्यावर हे सगळं कळलं आणि माझं डोकंच फिरलं. मरण आलं होतं आणि लोक हसत होते! जोडीदार कामावर जाता जाता केळी घेऊन भेटायला आला, तेव्हा मी त्याला सोडलं नाही. “इतके वर्स सोबत खपलो, अन् एकालेही शंका नाई आली?” तो केळं सोलत राहिला. मग मी बायकोकडे वळलो. “तुलेही खरं वाटलं?”

“वाटलं ना. म्हनून त धावत आली,” ती म्हणाली. “जल्मात नाई घेतली अन् आज घेतली, याचा राग आला. तुमी रोजचे पिनारे राह्यले असते, त फोन आयकून म्हटलं असतं, पडू द्या, उतरल संध्याकाळी.”

माझी चीड कुठल्या कुठे गेली. जोडीदाराचा हातही केळ्यावरच थांबला होता. त्याच्या घरी असे फोन किती वेळा गेले असतील, आणि तिकडून काय उत्तर येतं, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

“मंग वहिनी,” त्यानं हळूच विचारलं, “मी पडलो असतो त?”

सोललेलं केळं माझ्या हातात देऊन तो उठला. टेकडीपलीकडे पुन्हा पेटलं होतं आणि त्याला तिकडेच जायचं होतं.