शेततळ्यात पडलेली वगार

मी जनावरांची डॉक्टर. राहायला संभाजीनगरात आणि नोकरी वैजापूर तालुक्यात, त्यामुळे सकाळचा बराच वेळ रस्त्यावरच जातो. पौषातल्या एका सकाळी, अर्ध्या वाटेवर असताना, रस्त्यालगतच्या एका वस्तीवरून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा फोन आला. त्यांच्या म्हशीची नुकती जन्मलेली वगार शेततळ्यात पडली होती. बाहेर काढली होती, पण हालत नव्हती. गेली म्हणायला मन घेत नाही, एकदा येऊन बघा, एवढंच ते म्हणाले.

मी पोचले तेव्हा वगार गोठ्यासमोर आडवी पडली होती. म्हातारे दुधाचं भांडं घेऊन तिच्या डोक्याशी बसले होते आणि त्यांची सून तिचे पाय जोरजोरानं चोळत होती. सून तिशीच्या आतली. नवरा वाळूजच्या कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला, त्यामुळे घरात हे दोघंच. म्हैस दाव्याला हिसके देत सारखी हंबरत होती.

म्हाताऱ्यांनी चमच्यानं दूध पाजायला घेतलं होतं, ते मी आधी थांबवलं. थंडीनं गारठलेल्या जिवाची गिळायची ताकद गेलेली असते; पाजलेलं दूध पोटात न जाता फुप्फुसात उतरतं. पोटात गेलं तरी ते पचवणारी आतडी झोपलेली असतात. पाय चोळणंही थांबवायला सांगितलं. पायांतलं, कातडीजवळचं रक्त सगळ्यात गार झालेलं असतं. पाय चोळून ते एकदम काळजाकडे लोटलं, तर कसंबसं चाललेलं काळीजही बंद पडू शकतं.

थर्मामीटर लावला. पारा पहिल्या खुणेपर्यंतसुद्धा चढला नाही. छातीला स्टेथोस्कोप लावून मी डोळे मिटले. बराच वेळ काही नाही. मग एक ठोका. पुन्हा शांतता. मग दुसरा.

"आहे," मी म्हणाले.

शरीर थंड पडलं की त्याची गरजही कमी होते. चुलीतली लाकडं मागं ओढावीत तसं ते सगळं मंद करतं: श्वास, ठोके, साखर जाळणं. मेंदूला थोडक्यात भागवता येतं. म्हणून गारठून पडलेल्या जनावराला ऊब दिल्याशिवाय मेलं म्हणू नये, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. पण हातात इतकं थंड कातडं असताना त्यावर विश्वास ठेवणं अवघड जातं.

वगारीला उन्हात, पोत्यांवर घेतलं. कोरडं केलं. म्हाताऱ्यांनी चुलीवर पाणी ठेवलं. सलाईनची बाटली मी त्यात कोमट केली आणि शीर शोधायला लागले. प्लास्टिकच्या बाटल्यांत कोमट पाणी भरून, फडक्यात गुंडाळून त्या वगारीच्या छातीशी लावायच्या होत्या. बाटल्यांची झाकणं लावायला मी सुनेला सांगितलं.

तिला ती लागेनात. झाकण दोनदा हातातून पडलं. तिसऱ्यांदा ती नुसतीच त्याच्याकडे बघत राहिली. मी वर पाहिलं. तिची साडी गुडघ्यापर्यंत नव्हे, खांद्यापर्यंत ओली होती. ओठ जांभळे पडले होते, आणि वारा सुटलेला असूनही ती कुडकुडत नव्हती.

"तुम्ही पाण्यात उतरला होतात?" मी विचारलं.

तिनं काहीतरी उत्तर दिलं. शब्द एकमेकांत अडकत होते.

मग म्हाताऱ्यांनी सांगितलं. पहाटे धार काढताना मोकळी सोडलेली वगार कुंपणाच्या फटीतून तळ्याकडे गेली. पडल्याचा आवाज आला तशी सुनेनं उडी मारली. तळ्याला प्लास्टिकचा कागद. त्यावर पाय ठरत नाही, वर चढता येत नाही. एका हातानं मोटारीचा पाइप धरून, दुसऱ्या हातानं वगारीचं तोंड पाण्यावर धरून ती तशीच तग धरून होती. म्हाताऱ्यांना ऐकू कमी येतं. त्यांना कळून, शेजारच्या शेतातली माणसं दोर घेऊन येईपर्यंत उजाडलं होतं. आधी वगार ओढा, असा तिचाच हट्ट. मग सगळे वगारीभोवती जमले आणि ती त्यांच्यातच ओल्यानं उभी राहिली. माणसं कामाला निघून गेली, तरी तिनं साडी बदलली नाही.

वगारीचं सलाईन चालू करून मी सुनेला घरात नेलं, ओली साडी काढायला मदत केली, तिच्या नवऱ्याचा स्वेटर चढवला, दोन गोधड्या गुंडाळल्या. शेजाऱ्यांना फोन करून गाडी मागवली. तोवर ती आत एकटी बसेना. वगारीपाशीच बसते म्हणाली. म्हाताऱ्यांनी तिथंच उन्हात बाज टाकली, कोमट बाटल्यांतल्या दोन उचलल्या आणि संकोचत माझ्याकडे दिल्या. "तिला लावा," म्हणाले. "माझ्या ध्यानातच आलं नाय, म्याडम. मी जनावराकडंच बघत बसलो."

थोड्या वेळानं ती थरथरायला लागली. दात वाजायला लागले. म्हातारे घाबरले, पोरीला झटके येतायत म्हणाले. मी त्यांना सांगितलं की आता तिचं शरीर स्वतःची ऊब स्वतः तयार करतंय. ही थरथर चांगली आहे. शब्द सुटे झाले, नीट गिळता यायला लागलं, तेव्हा तिला गुळाचा चहा दिला. मग वगारीच्या मानेवरही तसंच कापरं उठलं. मी तिच्या तोंडात बोट घातलं. जीभ अजून गारच होती, पण तिनं बोट चोखलं.

शेजाऱ्यांच्या गाडीतून सून वैजापूरच्या दवाखान्यात गेली आणि संध्याकाळी घरी आली. वगार दुपारपर्यंत आईच्या सडाला लागली. पुढं तिला न्यूमोनिया झाला, काही दिवस सुया द्याव्या लागल्या, तेवढ्यासाठी मी जाता-येता थांबत होते. म्हाताऱ्यांनी तळ्यात चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडले होते.

शेवटच्या सुईच्या दिवशी सून मला गाडीपर्यंत सोडायला आली.

"पाण्यात आधी लई थंडी वाजली," ती म्हणाली. "मंग वाजायचीच थांबली. बरं वाटाया लागलं, झोप येऊ लागली. पाइप सोडावा वाटत होता, म्याडम. ह्ये मी घरात कोणाला सांगितलं नाय."

मी तिचा हात धरला. तो उबदार होता, शेणानं माखलेला होता.