हिरवळीचं पाणी

“अगं, चारच ओळी हायेत. सही कर आन मोकळी हो,” सखाराम तिसऱ्यांदा म्हणाला.

“वाचल्या की मी,” मालनबाई पीठ मळता मळता नवऱ्याला म्हणाली. “कंपनीचं पाणी बाहेर दिलं, गवत जाळलं, चुकलं, पुन्हा करनार नाय. अक्षर मातर लई देखणं काढलंय तुमी.”

“उद्या कायम करायच्या बायांची यादी लागतीय. माफी आली तर तुझं नाव ऱ्हाईल, असं तात्यासाहेबांनी सांगितलंय. नाय तर घरी बस.”

तात्यासाहेब म्हणजे तिचे सुपरवायझर. चिकलठाण्याच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात मालनबाई नऊ वर्षं बागकाम करत होती. ऑफिससमोरच्या हिरवळीला रोज सकाळी दोन तास नळाचं पाणी लागायचं. पैठणच्या धरणातून आलेलं, शुद्ध केलेलं, प्यायचं पाणी. भिंतीपलीकडे तिची वस्ती होती आणि तिथं टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. कारखान्याच्या मागच्या अंगाला साचे थंड करून निघालेलं पाणी दिवसभर नाल्यात वाहून जायचं. हे सगळं साहेबांनाही दिसत होतं. फक्त त्यांच्या घरी घागरी रिकाम्या नव्हत्या.

मालनबाई कुणाच्या शब्दावर चालणारी नव्हे. तिनं घरी दोन पत्र्याच्या डब्यांत मेथी पेरली. एकाला नळाचं पाणी घातलं, दुसऱ्याला कारखान्याच्या मागचं, कळशीत रात्रभर ठेवून. दोन्हीकडे मेथी सारखीच तरारली. सासू, कस्तुराबाई, विळी घेऊन बसली तेव्हा मालनबाईनं डबे उचलून छपरावर ठेवले. “ही खायाची नाय, बघायची हाय.”

मग तिनं मागच्या पाण्याला पाइप जोडला आणि तो हिरवळीत सोडला. वाचलेलं नळाचं पाणी फाटकाजवळच्या तोटीतून दोन तास वस्तीच्या बायांना दिलं. आठ दिवस कुणाला पत्ता नव्हता. बाया रांगेत भांडत नव्हत्या, यावरूनच खरं तर कळायला हवं होतं. नवव्या दिवशी हिरवळीवर परातीएवढे पिवळे चट्टे उठले आणि सगळं उघडं पडलं. डब्यातल्या मेथीला गार करून घातलेलं पाणी कामावर तिनं घाईघाईत कढतच सोडलं होतं.

“बाई, तू चुकलीच,” कस्तुराबाई कोपऱ्यातून म्हणाली.

“व्हय, चुकले. हौदात रातभर ठिवायला पायजे व्हतं.”

“हौदाचं कोण इचारतंय?” सखाराम चिडला. “दुसऱ्याच्या मालकीचं पाणी, कुणाला न इचारता वाटायचं कशाला?”

मालनबाईनं हातातला गोळा परातीत ठेवला. “नामांतराच्या येळंला तुमी रातभर भिंती रंगवल्या. त्या भिंती काय आपल्या बापाच्या व्हत्या? अठरा दिवस हर्सूलच्या जेलात बसले. तवा माफी मागितली का?”

“ते येगळं.”

“असंल येगळं. तवा मी तुमाला कागद आनून दिला नव्हता, येवढं मातर खरं.”

कस्तुराबाईला हसू आलं, पण लेकाकडे बघून तिनं ते पदरात दाबलं.

“आन कायमचं?” सखाराम हळूच म्हणाला. “नऊ वर्सं वाट बघितली तू.”

तिनं हात धुतले, ते पाणी बाहेर जाऊन तुळशीऐवजी छपरावरच्या मेथीच्या डब्यात ओतलं, आणि आत येऊन सखारामच्या कागदाची घडी करून चुलीच्या तोंडाशी ठेवली. मग पोरीच्या वहीतलं एक कोरं पान फाडून तिनं स्वतःच्या वाकड्या अक्षरात लिहायला घेतलं. चौथीपर्यंतच शाळा झालेली. एकेका शब्दाला वेळ लागत होता. दोघं बघत राहिली.

लिहून झाल्यावर ती म्हणाली, “गवत जाळल्याची माफी लिवलीय. हौद बांधून द्या, हेबी लिवलंय. पाणी दिलं ते चुकलं, असं लिवलं नाय आन लिवनारबी नाय. उद्या सकाळी दोन्ही डबे घिऊन मी सायबाकडं जानार हाय. आता चूल पेटवून भाकरी टाकते, जेवायला बसा.”