परिशिष्ट कोण वाचतं?

माझी फजिती ऐकायची तर चहा आधी खाली ठेवा, ठसका लागेल!

गुडगावात तेव्हा काचेच्या इमारती नुकत्याच उगवत होत्या. तसल्याच एकीत, वकिलांच्या ऑफिसात, मी पुण्याहून येऊन प्रोबेशनवर लागलो होतो.

आमच्या सीनियर, कुलकर्णी मॅडम, म्हणाल्या, "मानेसरच्या खन्नाजींचा गाड्यांच्या पार्ट्सचा कारखाना आहे. हवामानाच्या नव्या आंतरराष्ट्रीय करारामुळे त्यांना काही करावं लागेल का, बघ. नीट कर, यावर तुझं कन्फर्मेशन आहे."

बसलो इंटरनेटवर. करार सापडला, सामील देशांची यादी सापडली. यादीत भारत! 'परिशिष्टातल्या देशांनी प्रदूषण कमी करावं' असं कलमही मिळालं. छापता छापता नेमकं परिशिष्टाशी येऊन प्रिंटरचा कागद संपला. म्हटलं, जाऊ दे. लग्नपत्रिकेमागचा नकाशा कोण बघतं?

मॅडम कोर्टात असताना खन्नाजींचा फोन आला.

"वकील साहब, कुछ करना पड़ेगा?"

"बिल्कुल! धुआँ, बिजली, सब कम!"

"नहीं किया तो?"

'बघून सांगतो' म्हणायला माझं काय जात होतं? पण नाही! "फिर तो साहब, बाहर के देश पूछेंगे!"

झालं! ऐन मे महिन्यात कारखान्याच्या ऑफिसातले एसी बंद. मॅनेजर मंडळी घामाघूम. खन्नाजींनी शेजारच्या कारखानदारांनाही सावध केलं आणि त्या सगळ्यांनी मॅडमना फोन लावले.

"परिशिष्ट कुठंय?" मॅडमनी विचारलं.

"कागद संपला होता, मॅडम..."

त्यांनी ते स्क्रीनवर उघडलं. मी वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. श्रीमंत देश सगळे होते, भारत काही सापडेना!

"करारात आपण आहोत, पण हे बंधन आपल्यावर नाही. आणि करार देशांचा असतो, खन्नाजींचा नाही! चल मानेसरला. माफी तू मागायचीस."

नोकरी गेली, आईला काय सांगू, हाच विचार वाटभर. खन्नाजींपुढे हात जोडले, तर ते हसायलाच लागले.

"अरे यार, बिजली का बिल देखो! क़ानून नहीं है तो भी चलेगा!"

परतताना मॅडम म्हणाल्या, "क्लायंट खूश आहे. केलं तुला कन्फर्म."

मी हरखलो हो!

"उद्यापासून आपल्या ऑफिसच्या लायब्ररीत बसायचं. पर्यावरणाचे सगळे करार वाचायचे, परिशिष्टांसकट. आणि खन्नाजींसारखा तिथला एसी बंद ठेवू या."

काचेच्या इमारतीत खिडक्या उघडत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेलच.