विश्वाची सुरुवात, एरंडोलच्या पुढे

जळगावात विज्ञानाचा मास्तर म्हणून बावीस वर्षं काढली. त्यात विश्वाची उत्पत्ती शिकवायला मला सगळ्यात जास्त आवडायचं. कारण सोपं आहे. विजेचा प्रयोग चुकला की दिवा लागत नाही आणि पोरं हसतात. आम्ल सांडलं की टेबलाला डाग पडतो आणि मुख्याध्यापक बोलावतात. विश्वाच्या उत्पत्तीत काही चुकलं तर बघायला कोण येणार?

नववीच्या पुस्तकात अवकाशाचा धडा आहे, दुर्बिणी वगैरे. विश्व सुरू कसं झालं हे मी पदरचं सांगतो. फळ्याच्या मधोमध एक टिंब काढायचं आणि म्हणायचं, हा सुतळी बॉम्ब. हा फुटला. चिंध्या चहूकडे उडाल्या. त्या चिंध्या म्हणजे दीर्घिका, आणि त्या अजून उडताहेत. मग टिपण द्यायचं आणि लाल पेनाने चौकट करायला सांगायचं. आमच्या शाळेत चौकटीतलं टिपण म्हणजे दगडावरची रेघ. त्याच्यावर घटक चाचणीत दोन मार्कांचा प्रश्न हमखास येतो, कारण पेपर मीच काढतो.

या वर्षी माझी भाची माझ्या वर्गात आली. बहीण असोद्याला दिलेली आहे, पोरगी सकाळच्या बसने येते. फाटकाच्या आत मी सर, फाटकाबाहेर मामा. यात तिची कधी गल्लत झाली नाही, माझीच व्हायची. सुतळी बॉम्ब फोडून झाल्यावर मी नेहमीप्रमाणे वर्गाकडे समाधानाने पाहत होतो, तेव्हा ती उभी राहिली.

"सर, बॉम्ब जिथे फुटला ती जागा आता कुठे आहे?"

बावीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी विचार केला असं म्हणायला आवडेल, पण नाही केला. हात आपला आपण उचलला गेला आणि पश्चिमेच्या खिडकीकडे रोखला गेला. तिकडे, म्हणालो, फार फार लांब. अख्ख्या वर्गाने माना वळवून खिडकीबाहेर पाहिलं. तिथे सायकलींची शेड होती आणि तिच्यावर एक कावळा. भाची खाली बसली. तास संपला. मी चहाला गेलो.

चाचणीचे पेपर तपासायला रविवारी घरी बसलो. पहिल्याच पेपरात लिहिलं होतं, "विश्वाची सुरुवात धुळ्याच्या बाजूला झाली." मी हसलो, बायकोला वाचून दाखवलं. तिचं माहेर धुळ्याचं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. दुसऱ्या पेपरात पुन्हा धुळं. तिसऱ्यात धुळं. एका अभ्यासू मुलाने "एरंडोलच्या पुढे, पारोळ्याकडे" असं जास्त नेमकं लिहिलं होतं. दहाव्या पेपरापर्यंत माझं हसू गेलं, विसाव्यापर्यंत चहा निवला. पोरांनी माझ्या हाताची दिशा पाहिली होती, त्या दिशेला कोणतं गाव आहे हे त्यांना माहीत होतं, आणि ते त्यांनी चौकटीत घातलं होतं. तेवढा विश्वास मी स्वतःवरही कधी ठेवला नव्हता.

सगळ्यांचं धुळं खोडलं आणि उरलेल्या सुतळी बॉम्बला प्रत्येकी एक मार्क दिला. मग भाचीचा पेपर आला. तिने लिहिलं होतं, "अशी वेगळी जागा नाही. सुरुवात सगळीकडेच झाली." ना बॉम्ब, ना चिंध्या. मी शून्य दिलं. पेन थबकलंसुद्धा नाही.

ते शून्य साधं नव्हतं. धुळ्याला विभागाचं विज्ञान प्रदर्शन भरणार होतं, आणि विज्ञानात जो पहिला येईल त्याने शाळेचं मॉडेल घेऊन जायचं हा आमच्याकडचा शिरस्ता. पोरगी जूनपासून धुळ्याचा जप करत होती. आता एका मार्काने मागे राहिली. पहिली आली ती शहरातल्या एका मारवाडी कापडवाल्याची मुलगी. वही आरशासारखी, टिपण शब्दन्‌शब्द. मी तिचं अभिनंदन केलं, आणि भाचीला मामाच्या मायेने सांगितलं, बेटा, पुढच्या वर्षी. ती म्हणाली, "हो सर."

आम्ही तेव्हा फाटकाबाहेर होतो.

दोन दिवसांनी बहिणीचा फोन आला. दादा, तू काय केलंस, पोरगी घरातही तुला सर म्हणतेय, काल फोटोकडे बघून सर म्हणाली. मी म्हटलं, मार्कांचा राग आहे, जाईल. बहीण म्हणाली, तिला राग आला की ती भांडते; ही गप्प आहे. तू ये.

रविवारी असोद्याला गेलो. भाऊ येतोय म्हणून बहिणीने मांड्यांचा घाट घातला होता. पालथं खापर चुलीवर तापलेलं, आणि मांडे करायला बहिणीची सासू, आमच्या अक्का. त्या साक्रीकडच्या, असोद्यात अर्धं आयुष्य गेलं तरी बोली तिकडची अहिराणीच राहिली. पुरण भरलेला उंडा थोडा लाटायचा, मग दोन्ही हातांवर घेऊन झेलत झेलत वाढवायचा, कोपरापर्यंत लोंबला की खापरावर टाकायचा. मी पन्नाशीला आलो तरी हे बघताना पोळी आता फाटणार असं मला दर वेळी वाटतं. अक्कांची फाटत नाही.

भाची आतून तिळाचा डबा घेऊन आली. मला पाणी दिलं, "घ्या सर," म्हणाली. मग अक्कांच्या पुढ्यातल्या लाटलेल्या उंड्यावर दहा-बारा तीळ बोटाने दाबून बसवले. नातीचं खूळ अक्कांना ठाऊक असावं. त्यांनी उंडा हातांवर घेतला आणि पोळी वाढायला लागली.

"सर, यातला एक तीळ धरा. आपण त्याच्यावर बसलोय. बाकीचे काय करताहेत?"

मी एक धरला. बाकीचे लांब जात होते. जवळचे हळू, लांबचे भरभर.

"आता दुसरा धरा."

दुसरा धरला. त्याच्यापासूनही सगळे लांब जात होते, पहिला सुद्धा. तिसरा धरला. प्रत्येक तिळाला वाटत होतं की मधोमध आपणच आहोत, आणि एकही मधोमध नव्हता. सुतळी बॉम्ब कुठेच नव्हता. चिंध्या रिकाम्या जागेत उडत नव्हत्या. जागाच ताणली जात होती.

मास्तर एवढ्या सहज हरत नाही. मी म्हटलं, पण पोळीला काठ आहे, आणि काठ आहे म्हणजे मध्यही असणार. बरं वाटलं, बोलून.

"काठ आहे ना. म्हणून तर पेपरात पोळी लिहिली नाही," ती म्हणाली. "पोळी फक्त समजायला. विश्वाचा काठ अजून कोणाला सापडलेला नाही."

अक्कांनी मांडा खापरावर अंथरला आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना आमचं भांडण कळलं होतं, आणि त्यांच्या लेखी ते फारच सोपं होतं.

"आरे भाऊ, पयले बठ्ठा एकच उंडा व्हता. आते तोच एवढा व्हयना. कोठून सुरू व्हई? बठ्ठाच सुरू व्हयना." म्हणजे आधी सगळा एकच उंडा होता, तोच एवढा झाला; सुरू झाला तो सगळाच.

बावीस तुकड्या माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. त्यांतला एक पोरगा आता डॉक्टर आहे, एक वरणगावच्या फॅक्टरीत आहे, एक मला रोज रिक्षाने सोडतो. सगळ्यांच्या डोक्यात मी सुतळी बॉम्ब लावून ठेवला होता. मी भाचीला विचारलं, हे तू वाचलंस कुठे? ती म्हणाली, शाळेच्या ग्रंथालयातल्या पुस्तकात. ग्रंथालयाच्या त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. पुस्तक मीच तिला काढून दिलं होतं, धूळ झटकून, आणि वर म्हणालो होतो, वाच वाच, चांगलं आहे.

मांडा माझ्या ताटात पडला. मी बहिणीसमोर म्हटलं, उद्या तुझे दोन मार्क वाढवतो, म्हणजे तू पहिली. बहिणीचा चेहरा उजळला. पोरीचा नाही.

"घरात मार्क नको मला. मामाने दिले म्हणतील." मग तिळाच्या डब्याचं झाकण लावत, "आधी वर्गात सांगा. मग ज्याला द्यायचे त्याला द्या."

सोमवारी पहिल्या तासाला मी वर्गात सांगितलं. फळ्यावर टिंब काढलं आणि पुसलं. चौकटीतलं टिपण चूक आहे, खोडा, म्हणालो. कोणी पेन उचललं नाही. पोरांना वाटलं ही मास्तरची काहीतरी युक्ती आहे. शेवटी मागच्या बाकावरून एकाने विचारलं, मग धुळं पण खोडायचं का? हो, म्हटलं, धुळं पण. मग भराभर पानं उलटल्याचा आवाज झाला. बावीस वर्षं लागली होती बांधायला, दोन मिनिटांत मोडलं.

तो प्रश्न पुन्हा तपासायला मी गणिताच्या बाईंकडे दिला. शिक्षकांच्या खोलीत जे बोलायचं ते लोक बोललेच. भाचीसाठी विश्व बदलणारा मामा, असं माझं बारसं झालं. बाईंनी निकाल दिला की चूक सरांची, म्हणून कोणाचा एक मार्क काढायचा नाही, आणि भाचीला पूर्ण दोन. भाची एकाने पुढे गेली.

हे सांगायला मी कापडवाल्याच्या मुलीला बाहेर बोलावलं. ती रडेल किंवा भांडेल, याची माझी तयारी होती. तिने दोन्ही केलं नाही. वही छातीशी धरून ती एवढंच म्हणाली, "सर, मी तर तुमचंच लिहिलं होतं."

या सबंध प्रकरणात मला बसलेला सगळ्यात मोठा धक्का तो. पोळीचा धक्का डोक्याला होता. हा कुठे बसला ते मला अजून नीट सांगता येत नाही. तिने एकही अक्षर चुकवलं नव्हतं. मी तिथे व्हरांड्यात उभा राहिलो, आणि मास्तरकीत उपयोगी पडतं असं मला जे जे येतं त्यातलं काहीही उपयोगी पडलं नाही. चूक माझी आहे, असं म्हणालो. ती म्हणाली, माहीत आहे सर, आणि वर्गात गेली.

मार्ग मी काढला असं सांगायला आवडलं असतं. तो भाचीने काढला, आणि दया म्हणून काढला नाही, अडचण म्हणून काढला. एका मॉडेलमागे दोघांना परवानगी होती, आणि मॉडेल म्हणून तिने मांडाच धरला होता. हात कणकेत असताना बोलणार कोण, असा तिचा प्रश्न होता. आणि न अडखळता बोलणारी वर्गात एकच. कापडवाल्याची मुलगी एक दिवस फुरंगटून राहिली. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन भाचीच्या बाकावर बसली आणि म्हणाली, आधी मला नीट समजाव, पाठ करणार नाही मी.

धुळ्याच्या त्या हॉलमध्ये दोन्हीकडे पाण्याचे पंप आणि सौरचुली, आणि मधे या दोघी, ओल्या फडक्यात गुंडाळलेले उंडे घेऊन. पहिला भाचीच्या हातावर फाटला. दुसरा तिने कोपरापर्यंत नेला. कापडवाल्याच्या मुलीने तीळ दाखवत एकेक वाक्य असं ठेवलं की आजूबाजूचे चार मास्तर येऊन थांबले. त्यांच्या चेहऱ्यांवरून मला कळलं की सुतळी बॉम्ब त्यांच्याकडेही होता.

परीक्षक वयस्कर होते, कुठल्याशा कॉलेजातून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "आणि याच्या आधी काय होतं?"

कापडवाल्याच्या मुलीने पटकन माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलणार त्याच्या आधी भाची म्हणाली, "माहीत नाही."

कापडवाल्याची मुलगी पुन्हा समोर वळली. "आम्ही शोधलं," ती म्हणाली. "ते अजून कोणालाच नक्की माहीत नाही."

परीक्षकांनी हातातला गुणांचा कागद टेबलावर ठेवला, शेजारच्या पंपवाल्यांची एक खुर्ची मागून घेतली आणि दोघींसमोर बसले. काय काय शोधलंत ते सांगा, म्हणाले, मला घाई नाही.