हलणारं अंडं

त्याला सगळे मिनिटराव म्हणत. घड्याळं दुरुस्त करायचा, आणि "पाच वाजत आले" असं उभ्या जन्मात म्हणाला नाही. चार सत्तावन्न म्हणजे चार सत्तावन्न. माणूस वाईट नव्हता हो. पण बावीस वर्षं कबुतरं उडवूनही समुद्रापलीकडून घरी परतायची शर्यत एकदाही जिंकला नव्हता, आणि ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं. दुकानाच्या वर गच्चीवर त्याची कबुतरांची ढाबळ. शर्यतमंडळातले लोक चिडवायचे, "मिनिटराव, तुमची कबुतरं अगदी वेळेवर येतात, फक्त दुसऱ्या दिवशी!"

यंदा त्याच्याकडे एक राखाडी मादी होती, अंड्यांवर बसलेली. अंड्यातलं पिल्लू हलायला लागलं, की मादी त्याच्या ओढीने जीव खाऊन घरी येते, हे कबुतरवाल्यांना पक्कं ठाऊक असतं. पण हिची अंडी फुटायला अजून आठवडा होता आणि शर्यत तर तीन दिवसांवर. मग या शहाण्याने काय करावं? एक रिकामं कवच घेतलं, त्यात जिवंत भुंगा कोंडला, हवेपुरतं सुईएवढं भोक ठेवून बाकी मेणाने बुजवलं आणि दिलं तिच्याखाली सरकवून. घड्याळजीचे हात ते! सांधा दिसेल तर शपथ. खरी अंडी कापसात गुंडाळून खणात ठेवली, संध्याकाळी दुसऱ्या मादीखाली घालू म्हणून. आणि गडबडीत विसरला. सकाळी खण उघडतो तर दोन्ही गार.

बायकोने ती अंडी पाहिली आणि ती तडक गच्चीवर गेली. मादी मान वाकडी करून पोटाखालची खुडबुड ऐकत होती.

"अहो, आईला असं फसवू नये."

"अगं, पाखरू ते. त्याला काय कळतंय?"

"माझ्या पोटातलं हलायचं थांबलं, तेव्हा मला कळलं होतं. डॉक्टरांच्याही आधी."

तीस वर्षांत त्या घरात हा विषय कुणी काढला नव्हता. पण मिनिटरावने मादीला टोपलीत घालून मंडळाच्या गाडीत चढवलंच. हाव वाईट, दुसरं काय.

बोटीने पाखरं समुद्रापलीकडे गेली. शर्यतीच्या दिवशी पहाटे सोडली आणि दुपारी वारा फिरला, थेट समोरून. मंडळातून फोन आला, "काळजी नको. पाखरं मागे वळून पलीकडच्याच किनाऱ्यावर बसलीयत. वारा पडला की येतील. शहाणी असतात हो."

मिनिटरावची मादी मात्र मागे वळणार नव्हती. तिचं शहाणपण त्यानेच काढून घेतलं होतं. मनगटावरचं घड्याळ काढून त्याने खिशात टाकलं आणि गच्चीवर एकटाच बडबडत राहिला, "जिंकू नकोस बाई, नुसती ये."

सूर्य टेकता टेकता ती आली. एका अंगावर कललेली, छातीची पिसं मिठाने चिकटलेली. ढाबळीच्या फळीवर आदळलीच. त्याने पाणी पुढे केलं, तिने बघितलंसुद्धा नाही. पंख फरफटत घरट्यात गेली. तिच्यामागे अंड्यावर बसलेला नर केव्हाच उठून गेला होता, आणि भुंगा कधीच मेला होता. तिने कवच पोटाखाली ओढलं, चोचीने फिरवलं, मान वाकडी केली. थांबली. पुन्हा फिरवलं.

मिनिटरावला भडभडून आलं. तो धावत शेजारच्या घरट्यातलं अंडं घेऊन आला, तर तोवर वर आलेल्या बायकोने त्याचा हात धरला.

"आता पुन्हा फसवू नका."

ती पोचल्याचं मंडळाला रात्रीच फोनवर कळलं होतं; सकाळी मंडळाचे लोक चषक घेऊन हसत-खिदळत जिना चढले. "मिनिटराव! अहो, जिंकलात! काल, सोडल्या दिवशीच पोचलेलं एकच पाखरू, तुमचं!"

बायको गच्चीच्या दारात आडवी उभी राहिली.

"हळू बोला," ती म्हणाली. "ती अजून ऐकतेय."